कोपरीची अकरा मिनिटं

गडहिंग्लजहून फुटबॉलसाठी कुणी ठाण्याला जात नाही. ठाणे-डोंबिवलीला आपली माणसं जातात ती नोकरीला, नाहीतर लग्नाला. मी गेलो तो शिट्टी वाजवायला. परत आल्यापासून दोघा-तिघांनी विचारलं की पाच दिवस कुठे होता, आणि गेलात बूट घालून तर आलात चपला घालून ते कसं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. शिवाय शेवटी एक गोष्ट आहे, ती मला आपल्याच गावातल्या लोकांना सांगायची आहे.

माझी धाकटी बहीण सुनंदा डोंबिवलीत, मानपाडा रोडला राहते. तिचे यजमान वसंतराव मानपाड्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि तिथल्या कामगारांच्या फुटबॉल संघाचे सेक्रेटरी. त्यांच्या संघाने जिल्ह्याची लीग जिंकली होती. कप जिंकला होता कोपरीच्या कोळ्यांनी. लीगवाले आणि कपवाले यांच्यात मोसमाचा पहिला सामना खेळवायचा आणि जिंकेल त्याने चांदीचा मुलामा दिलेली ढाल वर्षभर न्यायची, अशी तिकडेही पद्धत आहे. दोन वर्षांपूर्वी हेच दोन संघ समोरासमोर आले होते. त्या वेळी पंच डोंबिवलीचा होता. सामना हाणामारीत मोडला. गेल्या वर्षी तो झालाच नाही, ढाल एका शाळेच्या कपाटात पडून राहिली. यंदा पुन्हा मोडला तर सामना कायमचा बंद करायचा, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं होतं. म्हणून परगावचा पंच हवा होता. वसंतरावांनी मला आंतर्देशीय पत्र टाकलं आणि मी भूमापन कार्यालयातून चार दिवसांची रजा काढली.

बुधवार

डोंबिवलीत पोचलो तो कोजागिरीचा दिवस. सुनंदाने मसाला दूध करून ठेवलं होतं आणि पहिल्याच घोटाला सांगितलं, "अण्णा, आंघोळ करायची तर पाच दहा ते पाच पन्नासच्या आत. पाणी त्याच वेळात येतं." आधी ती जवळच्या दिवा गावात राहायची. तिथे भाडं कमी होतं, पण पाणीच नव्हतं. त्या मानाने चाळीस मिनिटं म्हणजे तिला चैन वाटते. मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं. अडतीस मिनिटं आलं.

दूध पिता पिता वसंतराव म्हणाले, "अण्णा, उद्या आपण कोपरीला मैदान बघायला जाऊ. एक छोटीशी गोष्ट. तिथे मला वसंतराव नका म्हणू. सेक्रेटरीसाहेब म्हणा."

"का?"

"म्हणजे, त्यांना मी एवढंच सांगितलेलं की गडहिंग्लजचा पंच आहे, नंबरी माणूस आहे."

"आणि मेहुणा आहे, ते?"

ते कपातली साय बोटाने बाजूला करत बसले. सुनंदा म्हणाली, "सांगितलं नाहीत? अहो, काय हे!"

"अगं, सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते का? यंदा सामना होणं महत्त्वाचं होतं. अण्णा चुकीची शिट्टी वाजवणार आहेत का? नाही ना? मग झालं तर."

मी सांगितलं की हे मला बरं वाटत नाही. ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. एका सामन्याचा तर प्रश्न आहे." मला ते पटलं नाही. पण बहिणीच्या घरी आल्या आल्या तिच्या नवऱ्याशी वाद घालणंही जमलं नाही, हेही लिहायला हवं.

गुरुवार

मैदान बघायला गेलो आणि मैदान दिसलंच नाही. कोपरीच्या वस्तीमागे खारजमीन आहे. तिला बांध आहे, पण तो एका जागी फुटलेला, आणि पौर्णिमेच्या आसपास भरतीचं पाणी तिथून आत शिरतं. आम्ही सव्वाबाराला पोचलो तेव्हा समोर सपाट करडं पाणी होतं आणि त्यात शंभरएक पावलांच्या अंतरावर दोन गोलपोस्ट समोरासमोर उभे होते. एकाच्या आडव्या दांड्यावर बगळे बसले होते. मी मोजले, सात होते.

आपल्याकडे सामन्याची वेळ उन्हावर ठरते, किंवा पाहुणे कधी मोकळे असतील त्यावर. इथे वार कारखान्याचा आणि वेळ खाडीची. तिकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून कोजागिरीनंतरचा पहिला शुक्रवार. पाऊस तोवर संपलेला असतो. वेळेचा हिशेब मला धर्मा तांडेल यांनी सांगितला. हे कोळ्यांच्या संघाचे म्हातारे प्रमुख. उंच, काळे, कानात सोन्याची बाळी, आणि हात असे लांब की नुसते उभे राहिले तरी गुडघ्याला टेकतात.

"तिथीची पाऊनपट करायची, पंचसाहेब. उद्या दुज. दोनाची पाऊनपट कती?"

"दीड."

"म्हंजे दीडला समिंदराची भरती. आमचे खाडीन पानी याला आजून आरदा-पाऊन तास. मैदानान पावनेबारा वाजेपरयंत शिरत नाय. दहाला खेल चालू केला का सवाअकराला कोरडे पायानं घरा."

आठवडाभर वेळापत्रकं चाळून मला हा आकडा मिळाला नसता, तो त्यांनी बोटांवर काढला. मी तो वहीत उतरवून घेतला.

बांधाच्या कडेला चिखलात एक लाकडी खुंटी होती. तांडेलांनी ती दाखवली. पाणी त्या खुंटीला लागलं की खेळ बंद, ही त्यांची जुनी रीत. दोन वर्षांपूर्वी भांडण झालं ते याच खुंटीवरून. मानपाड्याचे लोक म्हणत होते, खुंटी रात्रीत दोन हात पुढे आणली. कोळी म्हणत होते, यांना खुंटी बघताच येत नाही. मी म्हटलं, यंदा माझं घड्याळ चालेल. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग. तांडेल हसले. "चालूद्या घड्याल. पानी काय त्याला बगून थांबत नाय."

खुंटी जवळून बघायला मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट निघाला नाही. तांडेलांचा पुतण्या हरेश, म्हणजे त्यांच्या संघाचा कप्तान, कोपरापर्यंत हात घालून शोधत होता. शेवटी म्हणाला, "गेला, काका. आता त्यो थेट उरनला निंगल."

जेवण तांडेलांकडे झालं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली माणसं, मला वाटलं जमणार नाही. तीन भाकऱ्या खाल्ल्या. तांडेलांची बायको यमुनाबाई वाढताना म्हणाली, "खावा, खावा. उद्या आमचे पोरांना शिट्टी मारशीला तवा आठवल." सगळे हसले. वसंतराव सगळ्यांत मोठ्याने हसले. मी मान खाली घालून जेवत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एका बाजूला भाकरी वाढणारी बाई, दुसऱ्या बाजूला मेहुणा, आणि माझ्या तोंडात घास. मी पाणी प्यायलो आणि गप्प बसलो.

परतताना वसंतराव म्हणाले, "बघा, किती सोपं झालं." मी म्हटलं, "उद्या सामन्याआधी मी सांगणार आहे." डोंबिवली येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी सुनंदाला एवढंच म्हणाले, "तुझा भाऊ सामना मोडायला आलाय."

शुक्रवार

सकाळी वसंतरावांनी आपले कॅनव्हासचे बूट न बोलता माझ्यापुढे ठेवले. मी ते घातले नाहीत. एका संघाच्या सेक्रेटरीचे बूट घालून पंचाने मैदानात उतरणं योग्य दिसलं नसतं. शेजाऱ्याच्या उसन्या चपलांवर गेलो आणि खेळवलं अनवाणी. कोळ्यांचे निम्मे खेळाडूही अनवाणीच होते.

नऊला पोचलो. मैदान ओलं होतं, पण पाय रुतत नव्हते. मी सवयीने सोबत टेप नेला होता, तो काढला. गोलच्या दोन खांबांमध्ये चोवीस फूट हवेत. खाडीकडचा गोल भरला पंचवीस फूट. वस्तीकडचा भरला बावीस फूट आठ इंच. दोन्ही पुन्हा मोजले. तेच आलं.

मी तांडेलांना विचारलं, हे मापले कशाने? ते म्हणाले, "वावानं." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. जाळ्याची दोरी कोळी वावावरच मापतात. चार वाव झाले की गोल झाला. त्यांच्या वडिलांनीही असाच मापला होता.

"दोन्ही तुम्हीच मापले?"

"खाडीकडचा मी. माजी कंबर धरली म्हनून दुसरा हरेशनं."

मी दोघांना हात पसरायला लावले आणि टेप धरला. तांडेल सहा फूट तीन इंच. हरेश पाच फूट आठ. दोन्हीची चौपट करून पाहिली, एका इंचाचाही फरक नव्हता. मापात दोघेही चुकले नव्हते.

एव्हाना मानपाड्याचा टेम्पो आला होता. दोन्ही संघ भोवती गोळा झाले. वसंतराव म्हणाले, "हे तर उघड आहे, एक गोल मोठा एक छोटा! खांब हलवा." तांडेल म्हणाले, "डोलकाठीचे खांब हायेत, चार हात खाली गेलेले. रोवाला दोन ओहोट्या लागतान. आनि हाफटायमाला बाजू बदलतान ना? मंग नुकसान कोनाचा?"

हे खरं होतं. दोघांना पस्तीस मिनिटं मोठा गोल, पस्तीस मिनिटं छोटा. मी तसं कागदावर लिहिलं. दोन्ही मापं लिहिली, पस्तीस-पस्तीस मिनिटं लिहिलं, आणि सही करायला दोन्ही कप्तानांपुढे धरलं. मग म्हटलं, "सही करण्याआधी अजून एक ऐका. मी वसंतरावांच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. काल तुमच्या घरी जेवताना मला संधी होती, तरी मी बोललो नाही. तुम्हाला दुसरा पंच हवा असेल तर मी शिट्टी ठेवतो."

हरेशने पेन खाली टाकलं. "म्हनजे सेटिंग! बग काका, मी बोललेलो का नाय? यांचा पंच म्हनजे यांचाच."

मानपाड्याच्या मुलांपैकी कुणीतरी ओरडलं, "तुमचा गोल बघ आधी, किती वाव आहे तो!" दोघे-चौघे पुढे सरकले. वसंतराव माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला सुनंदाचं घर आठवलं. मनात आलं, झालं, दोन मिनिटांत मोडलं, आणि ते मीच मोडलं.

तांडेलांनी हात वर केला. मला म्हणाले, "ह्ये तुमी सवता सांगतांव, का कोनी तुमाना धरलं?"

"मी स्वतः सांगतोय."

"मेवन्यानं सांगाला लावलं?"

"नाही. ते कालपासून माझ्याशी धड बोलत नाहीत."

मागून यमुनाबाई म्हणाली, "आवो, बायकोचा भाव हाय ना? मंग घाबरतांव कनाला? माजा भाव यांचे बाजूनं कंदी बोललाय का सांगा." कोळणी हसल्या, मग पुरुष हसले, शेवटी मानपाड्याची मुलंही. हरेश हसला नाही. पण त्याने पेन उचललं आणि सही केली. सही करता करता म्हणाला, "माझा डोला तुमचेवर हाय."

मापं, वाद आणि सह्या यांत किती वेळ गेला हे मी तेव्हाच पाहायला हवं होतं. सामना दहाचा होता. पहिली शिट्टी वाजली दहा पन्नासला.

नाणेफेक हरेशने जिंकली आणि त्याने खाडीकडच्या मोठ्या गोलवर चढाई घेतली. आपल्याकडे फुटबॉल अंगाने खेळतात, खांद्याला खांदा. कोळी पाण्यातल्या माणसासारखे खेळतात. पळायची घाई नाही, चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघायची आणि आला की एकदम सगळ्यांनी ओढायचा. मानपाड्याची मुलं वेगळ्याच वळणाची. गेल्या वर्षी टीव्हीवर वर्ल्ड कप पाहून आलेली, छोटे छोटे पास, सारखी एकमेकांना हाक.

एकविसाव्या मिनिटाला हरेशने डावीकडून जमिनीलगत फटका मारला. चेंडू डाव्या खांबाला घासून आत गेला. मी सहा पावलांवर होतो. मी गोल दिला. देताना माझ्या मनात आकडा आलाच. गोल एक फूट जास्त रुंद, म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त. चोवीस फुटांच्या गोलमध्ये तो चेंडू खांबावर आपटून परत आला असता. वस्तीकडच्या गोलमध्ये तर खांबाच्या बाहेरूनच गेला असता. पण खांब जिथे आहे तिथे आहे. शिट्टी मापलेल्या गोलवर वाजवायची असते, मनातल्या गोलवर नाही. वसंतराव रेषेबाहेरून माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मधली सुट्टी पाच मिनिटांची. साडेअकराला दुसरा भाग सुरू झाला, आता मोठ्या गोलवर मानपाड्याची चढाई. त्यांचा पुढचा खेळाडू शिंदे, कारखान्यात बॉयलरवर असतो, त्याने दोनदा गोलकीपरला जमिनीवर पाडलं. पंधराव्या मिनिटापासून फुटक्या बांधातून पाण्याची एक जीभ मैदानात येताना दिसत होती. बाविसाव्या मिनिटाला कोपऱ्यात चेंडू पाण्यात तरंगला. चोविसाव्या मिनिटाला बांधावरच्या कोळणी ओरडल्या, "लागला! लागला!" पाणी खुंटीला लागलं होतं. अकरा वाजून चौपन्न मिनिटं. मी शिट्टी वाजवली.

कोपरीच्या पोरांनी हरेशला खांद्यावर घेतलं. एक-शून्य. खुंटीच्या हिशेबाने सामना संपला होता.

मी मैदानाच्या मध्यावर उभा राहिलो, घोट्यापर्यंत पाण्यात, आणि म्हटलं, "सामना संपला नाही. थांबलाय. अकरा मिनिटं राहिली आहेत."

हरेश खांद्यावरून खाली उतरला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "बोलला! शेवटी साला बोललाच भावजीसाठी."

हे ऐकायची वेळ येणार हे मला सकाळपासून माहीत होतं. तरी ते लागलं. एकीकडून मानपाड्याचे पुढे आले, "अकरा मिनिटं द्या नाहीतर ढाल परत कपाटात!" दुसरीकडून कोळी. कुणाचा तरी कोपर माझ्या छातीला लागला. मी खिशातून कागद काढला. त्यावर हरेशची सही होती, पण कागद भिजला होता आणि शाई फुटली होती. तो कुणाला वाचता येत नव्हता. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं.

"तांडेल," मी म्हटलं, "उशीर माझ्यामुळे झाला. मोजण्यात आणि बोलण्यात पन्नास मिनिटं मी घालवली. त्याची शिक्षा त्यांना नको. गोल तुमचा आहे, तो मी मागे घेणार नाही. पण तुम्ही मोठ्या गोलवर पस्तीस मिनिटं खेळलात. त्यांना चोवीसच मिळाली."

तांडेल कंबरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले. आसपास सगळे ओरडत होते. मग ते हरेशला म्हणाले, "तुजा गोल कुटल्या खांबाला लागून गेला?"

"डावे."

"त्यो खांब कोनी रोवला?"

हरेशने खाडीकडच्या खांबाकडे पाहिलं.

"मी रोवला. माजे हातानं मापून. तुजे हातानं मापला आसता तं बाहेर जाता." मग वसंतरावांकडे वळले. "सेक्रेटरी, तुमची अकरा मिन्टं आमचेकरं ऱ्हायली. उद्या तीज. पानी पाऊन तास उशिरा यल. अकराला या."

वसंतराव म्हणाले, "उद्या शनिवार. कारखाना चालू असतो."

"मंग नका येव."

शनिवार

माझी परतीची एसटी शनिवारी सकाळची होती. ती सोडली. सुनंदाने विचारलं, "अकरा मिनिटांसाठी?" मी हो म्हटलं. ती डबा भरायला लागली. डब्यात तिने चार भाकऱ्या जास्त घातल्या.

आदल्या संध्याकाळी वसंतराव घरी नव्हते. खेळाडूंपैकी सहा जण पहिल्या पाळीचे, सात ते तीन. त्यांच्याऐवजी दुसऱ्या पाळीचे सहा जण पहाटे उठून कामावर यायला तयार हवेत. वसंतराव पायी घरोघर फिरले. सहावा माणूस आधी तयार होईना. त्याला ते काय म्हणाले हे मला नंतर शिंदेने सांगितलं. "म्हणाले, आपल्याला अकरा मिनिटं कुणी दिली आहेत, ती घ्यायलासुद्धा आपण गेलो नाही तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने मागायची?"

टेम्पो शिळफाटा, मुंब्रा, कळवा असा वळसा घालून सव्वा तासाने कोपरीला पोचला. म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास, अकरा मिनिटांसाठी. मला वाटलं होतं बघायला कुणी नसेल. बांधावर आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसं होती. बाजार उरकून आलेल्या कोळणी रिकाम्या पाट्या उलट्या टाकून त्यावर बसल्या होत्या. हरेश आला आणि त्याने माझ्यापुढे एक जोड चपला ठेवल्या. "काका बोलले, पंचाला द्या. घरी काय एके पायानं जानार?" एवढं बोलून तो गेला.

आदल्या दिवशी चेंडू थांबला ती जागा मी वहीत लिहिली होती. खाडीकडच्या रेषेपासून सतरा पावलं, बाजूच्या रेषेपासून नऊ. तिथे उभा राहून मी चेंडू दोघांच्या मध्ये टाकला. अकरा वाजून चार मिनिटं.

अकरा मिनिटं किती मोठी असतात हे मला पंच असूनही माहीत नव्हतं. सत्तर मिनिटांच्या सामन्यात माणूस दम राखून खेळतो. इथे राखण्यासारखं काही नव्हतं. बावीस जण पहिल्या क्षणापासून सगळं ओतत होते. तिसऱ्या मिनिटाला शिंदेचं डोकं चेंडूला अर्ध्या इंचाने कमी पडलं. सातव्या मिनिटाला हरेशने स्वतःच्या गोलच्या रेषेवर पडून चेंडू अडवला. बांधावरच्या कोळणी पाट्यांवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. दहाव्या मिनिटाला शिंदे उजवीकडून आत आला, गोलकीपर पुढे आलेला, आणि त्याने दूरच्या खांबाकडे चेंडू ढकलला.

मी धावत होतो आणि माझी नजर खांबावर होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला चेंडू आत जायला हवा होता. बहिणीसाठी, वसंतरावांच्या पायपिटीसाठी. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. चार बोटं बाहेरून. पंचवीस फुटांच्या गोलच्याही बाहेरून.

मी गोल-किक दिली. घड्याळात पाहिलं. बावन्न सेकंद राहिले होते, ते पूर्ण मोजले. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवली.

वसंतराव पॅन्ट दुमडून मैदानात आले, सरळ हरेशकडे गेले आणि त्याचा हात हातात घेतला. शाळेच्या कपाटातून आणलेली ढाल त्यांच्या टेम्पोतच होती, ती त्यांनी स्वतः उचलून तांडेलांना दिली. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "अण्णा, काल आम्ही हरलो नव्हतो. आज हरलो." मग म्हणाले, "बरं वाटलं."

हरेश मागे उभा होता. तो मला म्हणाला, "पंचसाहेब, पुडचे सालीपन तुमीच या. पन मेवन्याचे घरी जेवू नका. आमचेकरं जेवा." मग पहिल्यांदाच हसला. सुनंदाच्या डब्यातल्या भाकऱ्या त्यानेच सगळ्यांना वाटल्या.

निघण्याआधी तांडेलांनी माझा टेप मागितला. जाळ्याची एक दोरी घेऊन ती टेपलगत ताणून धरली, चोवीस फुटांवर दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि गुंडाळून ढालीच्या मागे बांधून ठेवली. म्हणाले, "आता ढाल जिकरं जाईल, दोरी तेचेबरोबर जाईल."

परत आल्यावर

रविवारी रात्री पोचलो. सोमवारी कचेरीतून आलो आणि चहा न घेता टेप घेऊन आपल्या मैदानावर गेलो. का गेलो हे सांगायला नको. चौदा वर्षं मी त्या मैदानावर शिट्टी वाजवतो आहे, आणि दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात माझं आयुष्य गेलं. पण तिथले खांब मी कधीच मोजले नव्हते. कोळ्यांना मनातल्या मनात हसणं मला सोपं गेलं, कारण त्यांनी हाताने मापलं होतं. आपले खांब कुणी, कशाने मापले, हे आज कुणाला सांगता येत नाही.

उत्तरेकडचा गोल चोवीस फूट भरला. दक्षिणेकडचा तेवीस फूट सात इंच. तीनदा मोजला.

पाच इंच कमी. चौदा वर्षांत त्या पाच इंचांत किती चेंडू खांबाला लागून परत आले असतील, आणि मी हात हलवून खेळ चालू ठेवला असेल, याचा आकडा माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. बाजू बदलतात, म्हणजे कुणाचं नुकसान झालं नसेल, असं म्हणता येईल. पण दर सामना पूर्ण झालाच होता असं नाही. अंधार पडला म्हणून, पाऊस आला म्हणून मी स्वतः कितीतरी वेळा सामना आधीच संपवला आहे. राहिलेली मिनिटं कुणाची होती हे कधी विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी या असं मी कुणालाही सांगितलं नाही.

येत्या रविवारी आपल्याही लीगवाल्यांचा आणि कपवाल्यांचा सामना आहे. पंच मीच आहे. ज्यांना हे वाचून दुसरा पंच हवा असेल त्यांनी शनिवारपर्यंत तसं सांगावं, मला राग येणार नाही. नको असेल तर दक्षिणेकडचा एक खांब पाच इंच बाहेर घ्यायचा आहे. कुदळ आणि पहार मी आणतो, पण एकट्याने तो उचलत नाही. रविवारी सकाळी सहाला दोन माणसं या.